भिंतीपासून पाचवं ताट

आमची खानावळ लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर होती. दोन खोल्या आणि मागे मोरी. एका खोलीत चुली, दुसरीत पंगत. माझं माहेर गिरगावातलं. मॅट्रिक होऊन मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाई चाळीस गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालत होत्या आणि कुठे काही लिहून ठेवत नव्हत्या. सगळं डोक्यात. मला ते बघवेना. पहिल्याच महिन्यात मी दारामागे एक पाटी टांगली आणि तिच्यावर दोन रकाने आखले, 'हजर' आणि 'गावी'. हजर माणसाच्या नावापुढे त्याची पाळी, उपासाचा वार, तिखट सोसतं की नाही, सगळं लिहायचं.

सासूबाई मालवणकडच्या. पाटीकडे बघून म्हणाल्या, "माणसां काय गणपतीची वर्गणी आसत, यादी करूक?"

पण आठवड्याभरात पाटीला विचारल्याशिवाय त्या तांदूळ मोजेनाशा झाल्या.

आमचे जेवणारे सगळे कोकणातले. बायकामुलं गावी, आणि हे इथे वीस-वीस जण एका गाळ्यात. प्रत्येकाने घरून आपलं पितळेचं ताट आणलेलं, काठाला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं. जेवून झालं की आपलं ताट आपण घासायचं आणि भिंतीवरच्या फळीवर ठेवायचं. पुढच्या जेवणाला येणार असेल तर उताणं. गावी चालला असेल तर पालथं. ही पद्धत माझ्या आधीची. पाटी मी आणली, पण खरी यादी ती फळीच होती.

या माणसांत एक साचेखात्यातला विणकर होता. तिशीचा, फारसं न बोलणारा. डाव्या हाताचं पहिलं बोट यंत्रात अर्धं गेलेलं. त्याला वाचता येत नव्हतं. फळीवरून ताट उचलायचं तर तो डोळ्यांनी शोधायचा नाही. काठावरून अंगठा फिरवत जायचा आणि एका ताटाशी थांबायचा. त्याची जागा भिंतीपासून पाचवी, आणि भाताला मधोमध खळगा करून त्यात सोलकढी ओतून घ्यायची त्याची रीत. मी वाढायला गेले की खळगा तयार असे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला तो हरताळाचा दिवस. गिरण्या बंद. तो सकाळी लवकर जेवला, ताट घासून उताणं ठेवलं आणि चपला घालताना म्हणाला, "वहिनी, रातीक कढी ठेवा. येतंय मी."

फोर्टाकडे निघालेल्या मोर्चाबरोबर तो गेला. तिकडे गोळीबार झाल्याची बातमी दुपारी आली, मग संचारबंदी. आमच्याकडचे बाकीचे सगळे दोन दिवसांत एकेक करून परतले. तो परतला नाही. मी आणि माझे यजमान इस्पितळांतून फिरलो, पोलीस चौक्यांतून फिरलो. त्या आठवड्यात मी जितक्या याद्या वाचल्या तितक्या आयुष्यात वाचल्या नसतील. मेलेल्यांच्या, जखमींच्या, पकडलेल्यांच्या. बोट ठेवून वरून खाली, मग खालून वर. एकाही यादीत त्याचं नाव नव्हतं.

गावाहून त्याच्या बायकोचं पत्र आलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. त्यात विलाप नव्हता, एकच मागणी होती. खबर लागेपर्यंत त्याचं ताट पालथं घालू नका.

तेव्हापासून सासूबाई रोज दुपारी पहिला भात त्या ताटात वाढायच्या आणि वर दुसरं ताट झाकून ठेवायच्या. पंगत उठली की तो भात मागच्या गल्लीत गाईला. मी पाटीवरून त्याचं नाव पुसलं नाही. 'हजर'मध्येच राहू दिलं, कारण तो 'गावी' नव्हता आणि तिसरा रकाना मी आखला नव्हता.

अशी चार वर्षं गेली, आणि या चार वर्षांत धंदा आमच्या हाताखालून सरकत चालला.

खानावळीच्या धंद्यात पहिली विद्या म्हणजे आज किती माणसं जेवणार हे सकाळी सहाला ओळखणं. ते ओळखणंच अशक्य झालं. आज हरताळ, उद्या सभा, परवा संचारबंदी. चाळीसांचा भात शिजवावा तर बारा जण यायचे. बारांचा शिजवावा तर मोर्चातून तीस जण भुकेले यायचे. रेशनचा तांदूळ जाडा आणि खड्यांचा. कढईत वनस्पती तूप टाकलं की सासूबाई तोंड फिरवायच्या, आणि न टाकावं तर परवडत नव्हतं. काही गिरण्यांनी कँटीन काढली. काही जणांनी बायकामुलं मुंबईला आणली, त्यांना खानावळ कशाला लागते? आणि कोपऱ्यावर उडप्याचं हॉटेल निघालं. तिथे राईस प्लेट. संगमरवरी टेबलं, खुर्च्या, पंखा, आणि आरशासारखी स्टीलची ताटं.

आमच्याकडे रंगखात्यातला एक जेवणारा होता, कोपरापर्यंत निळे हात आणि जिभेला हाड नाही. तो महिनाभर हॉटेलात जेवून परत आला.

सासूबाईंनी विचारलं, "काय रे, खुर्ची मोडली काय बसान बसान?"

"खुर्ची बरी आसा, मावशे. पण थय मालक माझ्या पोटाकडे बघणा नाय, घड्याळाकडे बघता."

"मग इलंस कित्याक? हय तरी कोण तुझ्या पोटाकडे बघता? पोट तूच आधी पुढे पाठवतंस."

पंगत हसली. मीही हसले, पण नंतर त्याला बाजूला घेऊन काय काय कमी वाटतं ते लिहून घेतलं. त्याने सांगितलेल्यातली एक गोष्ट मला पटली. आमची पितळेची ताटं. कल्हई उडाली की सोलकढी कळकायची, तोंडाला तांब्याची चव यायची. कल्हईवाला पूर्वी महिन्याला यायचा, आता चार-चार महिने फिरकत नव्हता. त्याचंही गिऱ्हाईक स्टीलने खाल्लं होतं. मी ठरवलं, सगळी ताटं स्टीलची करायची. एकसारखी, नावं नसलेली. मोडीत पितळ दिलं की निम्मा खर्च निघत होता.

सासूबाई शिमग्याला गावी गेल्या होत्या, ती वेळ मी साधली. ज्याला आपलं ताट हवं त्याने ते न्यावं, असं आठ दिवस आधी सांगितलं. बऱ्याच जणांनी नेलं. अकरा ताटं उरली, पूर्वी सोडून गेलेल्यांची बहुतेक. अकरावं विणकराचं. मी ते हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिले, हे खरं. मग विचार केला की त्याच्यासाठी स्टीलचं ताट उताणं ठेवता येईलच. ताट म्हणजे ताट. अकराही पोत्यात घातली आणि रस्त्यापलीकडच्या भांडेवाल्याकडे पोचवली.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी चुकायला लागली.

पंगतीला चोवीस जण. मी चोवीस ताटं मांडली आणि शेवटच्या टोकाला बसलेला माणूस म्हणाला, "वहिनी, माझं ताट?" मी माणसं मोजली, चोवीस. एक ताट आणून दिलं. माझीच चूक असेल म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. शिवाय एका माणसाचा भात कमी पडू लागला. नेमका एका माणसाचा, कमी नाही जास्त नाही. विणकराचा रोजचा भात गाईला जाई, तो मी आता बंद केला होता आणि तांदूळ तेवढेच घेत होते. म्हणजे उरायला हवा होता.

मी कारणांची यादी केली. माप बदललं का? नाही. तांदूळ कमी फुगतो का? एकाच पोत्यातला. उंदीर? शिजवणाऱ्या बाईने घरी नेला? तिला मी दोन दिवस डोळ्यांआड होऊ दिलं नाही. यादीतलं एकेक कारण मी खोडत गेले.

सहाव्या दिवशी वाढून झाल्यावर मी दारात उभी राहिले आणि पहिल्यांदा नुसती पंगत पाहिली. भिंतीपासून चार माणसं. मग एक रिकामा पाट. मग पुढची माणसं. रिकाम्या पाटासमोर ताट होतं, त्यात भात होता, भाताला खळगा होता, खळग्यात सोलकढी होती.

"हे कुणी वाढलं?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रंगखात्यातला म्हणाला, "वहिनी, वाढणारी तुम्ही एकटीच."

त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. मी त्याला विचारलं, ती जागा सोडून का बसता रे? तो चाचरला. म्हणाला, सोडून असं नाही, पण तिथे बसायला पाय उचलत नाही. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि वाढणारी मी. रोज माझ्या हातांनी तो खळगा केला होता आणि मला त्यातलं काही आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ताट मांडताना मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पाटाशी माझा हात थांबला, मी तो पाट ओलांडला, पुढे गेले. वाढून परत वळले तेव्हा तिथे भरलेलं ताट होतं. माझ्या बोटांना भात चिकटला होता.

सासूबाई गावाहून आल्या. चकचकीत फळीकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याचा खंय आसा?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिका काय सांगतलंस?"

तिला, म्हणजे त्याच्या बायकोला. कारण सासूबाईंनी गावाहून तिचा निरोप आणला होता. ती पंधरा दिवसांनी बोटीने येणार होती. चार वर्षं तिने कुंकू पुसलं नव्हतं. सासरची माणसं आता पुसायला सांगत होती. ती म्हणाली होती, आधी मुंबईला जाऊन ताट बघते. उताणं असेल तर पुसणार नाही.

मी त्याच पावली भांडेवाल्याकडे गेले. दुकानाबाहेर मोडीची पोती असायची, आठवड्याने ती भट्टीकडे जायची. माझं पोतं गेलं होतं. मी त्या ताटाचं वर्णन केलं.

"ते होय," शेठ म्हणाले. "ते भट्टीत नाही गेलं, बाई. तुम्ही आणून टाकलंत त्याच्या तिसऱ्या दिवशी एक माणूस आला. पोत्यात हात घालून एकेक ताट चाचपत होता. मी म्हटलं, काय शोधतोस? म्हणाला, माझं ताट. म्हटलं, नाव काय, वाचून दाखव. तर त्याने वाचलं नाही. काठावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, हेच."

दुपारचं ऊन होतं, रस्ता भरलेला होता.

"डावा हात कसा होता त्याचा? बोट?"

"बोटं बघत बसू की गिऱ्हाईक बघू? वजनाला वजन म्हणून एक तांब्या ठेवून गेला. हा बघा."

पितळेचा तांब्या. नवा म्हणावा तर घासून घासून पातळ झालेला. मी तो सगळीकडून फिरवून पाहिला. नाव नव्हतं. आमच्याकडच्या माणसांच्या घरात बिननावाचं भांडं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी तो परत ठेवला.

आता मी केलं ते लिहायला हवं. तिला काय सांगायचं? तुझा नवरा जिवंत आहे, ताट घेऊन गेला, आणि शंभर पावलांवरच्या खानावळीत आला नाही? की आणखी काही? मी व्यवहारी तोडगा काढला. जुन्या बाजारातून तेवढंच, तसंच पितळेचं ताट आणलं, कोरणाऱ्याकडून त्याचं नाव ठिपक्यांत घालून घेतलं, चिंचेने घासलं, कल्हई अर्धी उडवली आणि फळीवर उताणं ठेवलं. सासूबाई बघत होत्या. "हुशार आसस गो," त्या म्हणाल्या. त्या शब्दाने मला दिवसभर अन्न गेलं नाही.

ती आली. लहानखुरी, काळीसावळी, बोटीच्या प्रवासाने ओढलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पाणीही न पिता फळीपाशी गेली. मी ताट काढून हातात दिलं. तिने ते डोळ्यांसमोर धरलं नाही. काठाची मागची बाजू बोटाने चाचपली. एकदा, पुन्हा एकदा.

"ह्या त्यांचा न्हय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझ्या भावान खिळ्यान ठोकलला नाव. पाठीमागसून टोचता ता. ह्या टोचणा नाय."

मग मी सगळं सांगितलं. विकलेलं ताट, पोतं, तो माणूस, त्याचा अंगठा. पाचव्या पाटाचंही सांगितलं, कारण आता काही राखून ठेवायची ताकद नव्हती. शिव्या खायची माझी तयारी होती. ती ऐकत राहिली आणि शेवटी एकच विचारलं.

"त्येंनी ताट कसा नेल्यानी? उताणा की पालथा?"

मी हे विचारलंच नव्हतं. इतक्या याद्या करणारी मी, एवढी एक गोष्ट विचारायची राहिली होती.

आम्ही दोघी रस्ता ओलांडून गेलो. शेठना प्रश्न चमत्कारिक वाटला, पण त्यांनी आठवून पाहिलं. मग समोरचं एक ताट उचललं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून दाखवलं, तळ आभाळाकडे. "असं. ऊन फार होतं ना. डोक्यावर घेतलं आणि भाऊच्या धक्क्याच्या बाजूला चालू लागला."

"पालथा," ती म्हणाली.

तिचा चेहरा मोकळा झाला. मला अजून समजत नाही तो चेहरा. आनंद म्हणावा तर डोळे कोरडे होते. ती मला म्हणाली, "म्हणजे गावाक गेले. मग मी हय काय करतंय?"

"अहो, पण महिना होऊन गेला," मी म्हटलं. "गावी पोचले असते तर तुम्ही निघायच्या आधीच पोचले असते."

"खाडी पार केल्यानी की पुढे चलान जाणारे ते. मोठी बोट लागता त्यांका, ओकाऱ्यो येतत."

सासूबाईंनी तिला जेवून जायला लावलं. पंगत उठल्यावर ती एकटीच बसली, पाचव्या पाटावर, कुणी न सांगता. मी वाढायला वाकले तर भाताला खळगा तयार होता. दुसऱ्या सकाळच्या बोटीने ती गेली.

त्यानंतर महिनाभर खानावळ जवळजवळ बंद झाल्यातच जमा होती. ताटं स्टीलची झाली होती आणि माणसं एकोणीस उरली होती. पाचवा पाट मी उचलून टाकला तर पंगतीत तेवढी फरशी मोकळी राहायची. एका माणसाचा भात रोज कमी पडायचा. ज्याला कमी पडला तो बोलायचा नाही, हॉटेलात जायचा. हे कुठल्या धंद्याच्या हिशेबात बसतं? उडप्याशी मी टक्कर देऊ शकत होते. टेबलं आणू शकत होते, पंखा लावू शकत होते, भात सढळ वाढू शकत होते. पण कमी पडणारा तो एक माणूस कुठून भरून काढायचा, ते मला कळेना.

राज्य झालं त्या दिवसांत पत्र आलं. रस्त्यावर माळा, दिवे, शिवाजी पार्ककडे जाणारी माणसं, गुलाल. पोस्टमनच्या टोपीवरही गुलाल होता. कार्ड पूर्वीच्याच कुणा लिहिणाऱ्याच्या अक्षरातलं. ख्यालीखुशालीच्या दोन ओळी, आणि खाली:

'ताट पोचले. घरात पालथे घातले आहे. काळजी नसावी.'

मी कार्ड उलटून पाहिलं. ताट कुणी आणलं ते लिहिलेलं नव्हतं. सासूबाईंनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "कुंकवाचा काय लिवलला नाय?" नव्हतं लिहिलेलं. मी उलट टपाली विचारलं. उत्तर म्हणून एका गाववाल्याबरोबर सोलांची पिशवी आली, चिठ्ठी नव्हती. त्या गाववाल्याला विचारलं, तिच्या घरी कोण कोण असतं? तो म्हणाला, मी पिशवी बाहेर पडवीवर घेतली, आत गेलो नाही. पुढेही मी दोनदा लिहिलं. मग सोडून दिलं.

कार्ड आलं त्या दुपारी मी ताटं मांडली. एकोणीस माणसं, एकोणीस ताटं. कुणी ताट मागितलं नाही. रंगखात्यातला उशिरा आला, इकडेतिकडे बघितलं आणि मोकळ्या फरशीवर, भिंतीपासून पाचवा, मांडी घालून बसला. आपण कुठे बसलो हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

भात पुरला. दोन घास उरलाही.

संध्याकाळच्या पंगतीआधी मी पाटीपाशी गेले, 'हजर'मधलं ते नाव ओल्या फडक्याने पुसलं आणि पलीकडच्या रकान्यात लिहिलं, 'गावी'.